सागरी लुटारू बोका

विद्यापीठाच्या डहाणू उपकेंद्राच्या ग्रंथालयात रुचिका तांडेल कंत्राटावर लागली, तेव्हा तिला सांगितलं होतं की काम पुस्तकांचं आहे. पहिल्याच आठवड्यात तिच्या टेबलावर एक पत्र्याची ट्रंक येऊन पडली आणि तिच्यात पुस्तक एकही नव्हतं. होते ते नुसते कागदाचे तुकडे. वाढवणच्या मुकेशने घराची कौलं बदलताना पोटमाळ्यावरून ती ट्रंक खाली उतरवली होती. भंगारवाला कागद घ्यायला तयार होईना, म्हणून त्याने ती विद्यापीठाला दान केली.

तुकडे दोनशे चौदा भरले. काही तळहाताएवढे, काही बसच्या तिकिटाएवढे. वाळवीने आतून खाल्लेले, उंदरांनी कडेने कुरतडलेले, आणि सगळ्यांवर मोडी अक्षरांच्या ओळी. रुचिकाचं काम असं की प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, लांबी-रुंदी मोजायची, पारदर्शक पाकिटात घालायचा आणि सूचीच्या छापील फॉर्मवर त्याची नोंद करायची. तिला मोडी येत नव्हती. ती यायची ग्रंथपाल डॉ. नविन वाणी यांना. निदान तसं प्रमाणपत्र त्यांच्या खुर्चीमागे फ्रेम करून टांगलेलं होतं, पंधरा दिवसांच्या वर्गाचं.

नविन सर मूळचे जळगावचे. मनाने चांगले, कोणावर आवाज न चढवणारे, शुद्ध शाकाहारी. इतिहासाचं वेड मात्र असं की साधं वाण्याचं बिल हातात आलं तरी ते उलटून मागे शिक्का शोधत. सात वर्षं डहाणूत काढली होती आणि या सात वर्षांत आपल्या हातून काही मोठं घडलं नाही, ही गोष्ट त्यांना आतून खात होती.

बाराव्या तुकड्यावर ते थबकले. भिंग लावलं, दिवा जवळ ओढला.

"रुचिका, लिही. 'बोका पुन्हा उतरला. लोक गाफील होते.'"

रुचिकाने लिहिलं.

एकतिसाव्या तुकड्यावर अर्धा शब्द फाटलेला होता. "'वलां...' इथं फाटलंय. पुढे 'वर चढोन माल नेला.' वलंदेज! डच लोकांना जुन्या कागदांत वलंदेज म्हणतात. बोक्याने वलंदेजांवर चढाई करून माल लुटला!" सर खुर्चीतून उठले. "आणि बोका हे नाव आपलं वाटतं का तुला? पोर्तुगीज आहे ते. बोका!"

त्यानंतर सर जेवायलाही उठेनात. सत्तेचाळिसाव्या तुकड्यात बोका एका डोळ्याने अधू निघाला. पन्नासाव्यात त्याच्या मिशांचा उल्लेख आला. अठ्ठावन्नाव्यात मधलं अक्षर वाळवीने खाल्लं होतं: "जिता धरोन गो-त घालोन खाडीपार नेला. तिसरे दिवशी माघारी आला."

"गोव्यात!" सर म्हणाले. "जिवंत पकडून गोव्यात कैदेत घातला. तिथूनही निसटला."

"सर, गोव्याहून तिसऱ्या दिवशी परत कसा येईल?"

सरांनी क्षणभर विचार केला. "वारा अनुकूल असेल."

आठ दिवसांत त्यांनी मुख्य केंद्राला पत्र लिहिलं, चर्चासत्राची तारीख घेतली आणि निमंत्रणपत्रिका छापल्या: 'सागरी लुटारू बोका आणि आपला किनारा'. फ्लेक्सवाल्याने संगणकातून एक दर्यावर्दी शोधून काढला. डोळ्यावर पट्टी, तिरकी टोपी, खांद्यावर पक्षी. "साहेब, पोपट ठेवू का काढू?" त्याने फोनवर विचारलं. सर म्हणाले, "असू दे. तेवढीच रंगत."

अडचण एकच होती. सूचीच्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता: 'वाचनाची पडताळणी करणाऱ्याची सही'. सर म्हणाले, तूच कर. रुचिका म्हणाली, "सर, मला वाचताच येत नाही, मी कशाची पडताळणी केली म्हणून सही करू?" सरांना हे पटलंही आणि आवडलंही नाही. शेवटी मोडी वाचकाची जाहिरात निघाली. पात्रता पीएच.डी. महिनाभर कोणी फिरकलं नाही.

मग रुचिका डहाणूच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टांकडे गेली. जातीच्या दाखल्यासाठी आजा-पणजांचे मोडी कागद घेऊन लोक येतात, ते कोण वाचतं? तिन्ही टायपिस्टांनी एकच नाव सांगितलं: झरीचे लडक्या धोडी.

लडक्या धोडी पासष्टीचे. चाळीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात गठ्ठे काढून द्यायचं आणि परत ठेवायचं काम केलेले. एका म्हाताऱ्या कारकुनाने दुपारच्या सुट्टीत त्यांना मोडी शिकवली होती. आता निवृत्तीनंतर भात आणि नागली करत आणि कागद घेऊन कोणी आलं तर ओटीवर बसून वाचून देत. शिक्षण सातवी. सरांनी त्यांना चहा पाजला, नियम दाखवला आणि हात जोडले.

रुचिकाने मग मंजूर कामांची यादी उघडली. त्यात 'मोडी वाचक, पीएच.डी.' होता आणि खाली 'वाळवी नियंत्रण, दोन महिने' होतं. वाळवी नियंत्रणाला शिक्षणाची अट नव्हती. तिने सरांसमोर कागद ठेवला, सरांनी वाळवी पाहून सही केली, आणि पुढच्या सोमवारी झरीहून पहिल्या एसटीने लडक्याकाका हजर झाले. पांढरा शर्ट, काखेत छत्री, खिशात भिंग.

पहिले दोन दिवस ते काहीच बोलले नाहीत. तुकडे बघत, बाजूला ठेवत, पुन्हा उचलत. तिसऱ्या दिवशी त्यांनी सरांच्या वाचनाची वही वाचली आणि विचारलं, "ताई, हे गोवा कुठून आलं?"

"तिथं अक्षर नाहीये काका. सरांनी अंदाज केला."

"असा नाय करायचा. भोक हाय तिथं भोक वाचायचं." त्यांनी अठ्ठावन्नावा तुकडा दिव्यासमोर धरला. "आणि हे बघा, वाळवीनं वरचं खाल्लंय, पाय शिल्लक हाय. 'णत्या'. गोणत्यात. गोणत्यात घालून खाडीपार नेला."

"माणसाला गोणत्यात?"

काका एकशे तीन नंबरचा तुकडा शोधू लागले. तो बोटाएवढा होता, त्याच्यावर फक्त 'डी' एवढंच उरलं होतं. त्यांनी तो एकतिसाव्याच्या फाटक्या कडेला हलकेच लावला. कडा कडेला बसली. रेघ रेघेला मिळाली.

"वलां... डी... वर," काका म्हणाले. "वलांडीवर चढोन माल नेला."

रुचिकाला तो शब्द चांगलाच ठाऊक होता. तिचं घर वाढवणच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी शाळेतून आल्यावर तिचं कामच ते होतं: बांबूच्या वलांडीखाली काठी घेऊन बसायचं आणि वर वाळत घातलेल्या बोंबलांवर कावळे आणि मांजरं येऊ द्यायची नाहीत. त्या वासापासून लांब जायचं म्हणून तर ती ग्रंथालयशास्त्र शिकली होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "बोका म्हणजे... बोका?"

"मना तं पहिल्या दिवशीच वाटलेलं," काका म्हणाले. "पण सायबांनी एवढा मोठा फोटो लावलाय. म्हटलं, आपण कशाला मधी?"

रुचिकाला इतकं हसू आलं की तिने तोंडावर फाईल धरली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली आणि हसू थांबलं. चर्चासत्र परवावर आलं होतं.

सर सभागृहात पोपटाचा कोपरा सरळ करत होते. तिने जवळ जाऊन सांगितलं, "सर, ते वलंदेज नाहीये. वलांडी आहे."

"वलांडी म्हणजे?"

सात वर्षं डहाणूत राहून सरांनी वलांडी पाहिली नव्हती. बोंबलाशी त्यांचा संबंध वाऱ्याची दिशा बदलली की खिडकी लावण्यापुरता. रुचिकाने हात वर करून काठ्या दाखवल्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून लटकणारे बोंबील दाखवले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे बोक्याने गावाचा अन्नसाठाच तोडला! रसद! ही तर युद्धनीती झाली, रुचिका."

"सर, तो मांजर आहे."

सरांनी फ्लेक्सची दोरी आवळली. "मांजराविषयी कोणी सरकारात अर्ज करत नाही."

"आमच्याकडे करतात, सर."

"वाचलं कोणी हे?"

"लडक्याकाकांनी."

"वाळवीवाले?" सर म्हणाले, आणि पुन्हा स्टुलावर चढले. पण चढताना त्यांचा पाय एकदा पायरी चुकला, हे रुचिकाने पाहिलं. तिला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण मुख्य पाहुण्या म्हणून मुख्य केंद्रातून डॉ. भाविनी शहा येणार होत्या आणि त्यांची मोडी पंधरा दिवसांची नव्हती.

चर्चासत्राच्या दिवशी सकाळी अकराला सभागृहात तीसेक विद्यार्थी होते. सर दाराकडे बघून श्रोते मोजत होते, तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि त्यातून बारा बायका उतरल्या. सगळ्यांत पुढे रुचिकाची आई, रूपी. प्रत्येकीच्या हातात गुंडाळलेला फलक.

रुचिका धावत बाहेर गेली. "आई, तुम्ही इथं?"

"पत्रिका आली ना पंचायतीत. 'आपला किनारा' लिवलंय. सायब लोक आपल्या किनाऱ्यावर काय बोलतात ते ऐकायला नको?" रूपीने फलक काखेत घट्ट धरला. "त्या नव्या बंदराचं काय बोलले तर विरोध करायला आम्ही तयार हाव. नाय बोलले तर गप बसू."

"बंदराचं काही नाहीये. जुने कागद आहेत."

"जुन्या कागदातनंच सगळं निघतं," मागून चंद्रा म्हणाली. ती रूपीची शेजारीण. सगळ्या जणी आत जाऊन पहिल्या दोन रांगांत बसल्या. इतक्या जनसुनावण्यांना जाऊन त्यांना एक पक्कं ठाऊक झालं होतं की मागे बसलं की माईक मिळत नाही.

सरांना मात्र भरून आलं. स्थानिक समाजाचा एवढा प्रतिसाद! त्यांनी भाविनी मॅडमचं स्वागत केलं आणि पडद्यावर पहिला तुकडा दाखवला. त्यांचा आवाज चांगला होता आणि त्या दिवशी तो विशेष लागला होता. बोका उतरला, लोक गाफील होते. बोक्याने किनाऱ्यावरचा माल नेला. इथे त्यांनी 'वलंदेज' म्हणायला तोंड उघडलं, रुचिकाकडे पाहिलं आणि काय मनात आलं कोण जाणे, म्हणाले, "वलांडीवर चढून."

पहिल्या रांगेत हालचाल झाली.

"हा बोका एका डोळ्याने अधू होता," सर पुढे गेले. "मिशा राखत असे. नऊ जणांनी काठ्या घेऊन पाठलाग केला तरी हाती लागला नाही. एकदा धरून खाडीपार नेला, तरी तिसऱ्या दिवशी परत!"

रूपी उभी राहिली. रुचिकाने डोळे मिटून घेतले.

"सर, एक विचारू का? हा रातचा येतो का दिवसाचा?"

"दोन्ही वेळचे उल्लेख आहेत," सर आनंदाने म्हणाले. श्रोत्यांमधून प्रश्न आला होता!

"आणि आला की आधी मोठेच बोंबील उचलतो?"

सरांनी टिपण पाहिलं. "हो... 'निवडक माल' असा शब्द आहे."

"सर, आमच्याकडे पण हाय एक. चंद्राच्या घरामागे ऱ्हातो."

"माझा नाय तो!" चंद्रा उसळली. "मी त्याला एक काटा पण टाकत नाय."

सभागृह असं फुटलं की विद्यार्थ्यांनी बाकं बडवायला सुरुवात केली. सर व्यासपीठावर तसेच उभे होते. त्यांच्या हातातल्या टॉर्चचा लाल ठिपका फ्लेक्सवरच्या पोपटावर जाऊन थांबला होता.

भाविनी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मूळ तुकडे मागवले. एकतीस आणि एकशे तीन एका पाकिटात जोडलेले पाहून विचारलं, "हे कोणी जुळवलं?"

रुचिका म्हणाली, "लडक्या धोडी यांनी. ते मागे बसलेत."

"ते कोण?"

"वाळवी नियंत्रण," सर पुटपुटले.

लडक्याकाका छत्री खुर्चीला अडकवून पुढे आले. मॅडमनी त्यांच्यापुढे दोन-चार तुकडे सरकवले. काकांनी ते वाचले, जिथे अक्षर नव्हतं तिथे थांबले, पुन्हा वाचू लागले. मॅडम ओळीवरून बोट फिरवत होत्या आणि त्यांचं बोट एकदाही अडलं नाही.

आता सरांना कोणीतरी काहीतरी बोलणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण आधी सरच बोलले. घसा खाकरून, खूप हळू आवाजात. त्यांना लाज वाटत होती, कान लाल झाले होते. पण तो माणूस शेवटी इतिहासाचा होता, आणि समोर न वाचलेला कागद होता.

"काका," त्यांनी विचारलं, "मग पुढे काय झालं?"

काकांनी खिशातून चार पाकिटं काढली. आदल्या दोन दिवसांत त्यांनी आणखी सात तुकडे जुळवले होते. "अर्ज नऊ बायकांनी केलाय. बोका पकडून मारायचा हुकूम व्हावा म्हणून. बोक्याची मालकीण म्हणून एका बाईला बोलावलंय. ही तिची जबानी. कारकुनानं तिच्याच बोलीवरनं लिवलीय." त्यांनी भिंग धरलं.

"'बारकी, राहणार वाढवण, लिहून देते की बोका माझा नव्हे. म्यां त्यास पाळिला नाही. माझा घरधनी होडीवर गेला तो आला नाही. त्या दिवसापासून बोका माझे दारी बसतो. मी हाकलिते, तो बसतो. बोंबील खातो हे खरे. उंदीर खातो हेही खरे. बोंबलांविषयी नऊ जणींनी अर्ज केला. उंदरांविषयी एकीनेही केला नाही. दारात कोणी बसलेले असावे, एवढेच...'" काका थांबले. "पुढं भोक हाय."

पहिल्या रांगेतल्या दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. रूपीचा नवरा धडधाकट होता, पण तिचा थोरला भाऊ तेरा वर्षांपूर्वी बोटीवरून परतला नव्हता.

चंद्राला मात्र राहवेना. "ते सगळं खरं. पण बोंबील तं दुसरीचे गेले ना? बारकीला दारात सोबत पाहिजे होती तं तिने आपले बोंबील द्यायचे होते."

"विधवेने बोंबील कुठनं आणायचे?" रूपी फिरली. "होडी बुडाली ना तिची!"

"मग नऊ जणींनी उपास करायचा?"

"उंदरांनी खाल्ले असते तं चाललं असतं तुला?"

बघता बघता बारा जणींचे सात आणि पाच असे दोन पक्ष पडले. एकीने माईक घेतला, दुसरीने तो काढून घेतला. विद्यार्थीही वाटले गेले. कोणीतरी भाविनी मॅडमना म्हणालं, तुम्ही न्यायाधीश व्हा, आणि त्यांनी खरोखरच खुर्ची मध्यभागी ओढली. एकच्या जेवणाला अडीच वाजले. नविन सर भिंतीला टेकून दोन्ही बाजूंचे मुद्दे भराभर वहीत उतरवून घेत होते.

"मूळ निकाल काय लागला?" मॅडमनी शेवटी विचारलं.

"तो तुकडा ट्रंकेत नाय," काका म्हणाले.

तेव्हा हात वर करून बारा जणींची मतं घेतली गेली. बोका सात विरुद्ध पाच मतांनी सुटला. चंद्राने निकाल मान्य नसल्याचं लिहून द्यायची तयारी दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून नविन सर तीन दिवस रजेवर गेले. रुचिकाला वाटलं, ते आता बदली मागतील. चौथ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर आले, खुर्चीमागचं प्रमाणपत्र काढून कपाटात ठेवलं आणि लडक्याकाकांच्या टेबलाजवळ खुर्ची घेऊन बसले.

"मुख्य केंद्राला मी पत्र पाठवलंय," ते म्हणाले. "माझी चूक झाली ती लिहिलीये. कोणामुळे कळली तेही लिहिलंय." मग म्हणाले, "काका, मला पहिल्यापासून शिकवाल?"

"सकाळी शिकवीन," काका म्हणाले. "दुपारी माझे डोळे दुखतात."

भाविनी मॅडमनी तिकडे खटपट केली असावी. फेब्रुवारीत आदेश आला. त्यात मोडी वाचकाच्या पात्रतेपुढचं पीएच.डी. गेलं होतं आणि 'मोडी वाचता येणे आवश्यक' असं आलं होतं. रुचिकाने सगळे फॉर्म नव्याने भरले. पडताळणीच्या रकान्यात काकांनी सावकाश, मोठ्या अक्षरांत सह्या केल्या. आधी देवनागरीत, खाली मोडीत.

आणि बायका येतच राहिल्या. बारकीचं पुढे काय झालं, हे कुठल्या तरी तुकड्यात निघेल, या आशेने दर दुसऱ्या शनिवारी टेम्पो यायचा. रूपी आल्याबरोबर मुलीच्या टेबलापाशी उभी राहायची आणि इतरांना सांगायची, "ही पाकिटं सगळी हिने केलीत. नंबर बघ, एक चुकलेला नाय." बारकी पुन्हा निघाली नाही. पण दुसऱ्याच कोणाचा तरी तंटा निघाला. एका व्याह्याने दुसऱ्याला सणाला पाटी पाठवली होती आणि तीत पापलेट सांगून माकूल घातलं होतं.

"माकूल," सरांनी स्वतः वाचलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी मान हलवली. मग ते रूपीकडे वळले. "रूपीताई, माकूल म्हणजे नक्की काय?"

रूपीने हात पसरून सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "असं नाय कळायचं सर. सोमवारी आणून दाखवते."

सोमवारी तिने खरोखर आणलं, केळीच्या पानात. रुचिकाने ग्रंथालयाच्या खिडक्या उघडल्या. नविन सरांनी नाकाला रुमाल लावला, चष्मा पुसला आणि वाकून खूप वेळ पाहिलं. एकदा पेन्सिलीच्या टोकाने हलवून पाय मोजले. मग हात धुऊन आले, फॉर्म समोर घेतला आणि शब्दार्थाच्या रकान्यात आपल्या हाताने लिहिलं: 'माकूल. समुद्रातला प्राणी. पांढरा, मऊ, पाय दहा. प्रत्यक्ष पाहिला.'